पाण्याचा थेंबही नको

माझ्यावर सर्वांत जास्त ऋण कुणाचं असेल तर ते यादवराव मेश्राम यांचं. आईवडिलांचं नाव आधी घ्यायला हवं हे मला कळतं, पण माझी आईच म्हणते, "आम्ही तुला विमानापर्यंत पोचवलं. तिथून पुढं त्यांनी." टेक्सासमधल्या अर्विंगमध्ये आणि आसपासच्या मराठी माणसांत त्यांना कुणी यादवराव म्हणत नसे. सगळे त्यांना तबकडीकाका म्हणत. त्यांची एक सवय कुणाच्याही नजरेतून सुटायची नाही. कुठेही बसण्याआधी ते खुर्चीवरून हात फिरवत. बँकेत, दवाखान्यात, विहाराच्या हॉलमधल्या प्लास्टिकच्या खुर्चीवरसुद्धा. धूळ झटकल्यासारखा नव्हे. अंधारात काही चाचपडावं तसा सावकाश, पूर्ण तळवा टेकवून. मगच बसत. पोरं नक्कल करत, मोठी माणसं हसत. काका म्हणत, "हसा. तुम्ही कधी गाण्यावर बसला नाहीत ना, म्हणून हसता."

माझी त्यांची ओळख रविवारच्या वंदनेत झाली. अर्विंगला भाड्याच्या एका हॉलमध्ये आमची माणसं जमत. मी एमएस करायला नुकताच आलो होतो आणि परत जायच्या विचारात होतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचा जिना चढलेलं नव्हतं. वडील भाताच्या गिरणीत पोती उचलत. आमगावच्या शाळेत मी इंग्रजी शिकलो ते मराठीतून, आणि इथले प्राध्यापक बोलायला लागले की पहिल्या वाक्यानंतर माझ्या कानात नुसता आवाज राहायचा. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. काकांनी विचारलं, "कुठचा रे बाबू?"

"आमगाव."

"गोंदियाचं आमगाव? अन् इतका वेळ गप्प बसला काऊन?" त्यांनी माझा हात धरला तो गाडीत बसेपर्यंत सोडला नाही. त्यांचे वडील गोंदियाला लाखेच्या कारखान्यात कामाला होते. गाडीत मी हळूहळू सगळं सांगितलं. त्यांनी धीर दिला नाही, उपदेशही केला नाही. एवढंच म्हणाले, "म्हणजे ऐकू येत नाही तुला. इलाज आहे. घरी चल."

इलाज त्यांच्या गॅरेजमध्ये होता. गाडी बाहेर उन्हात उभी असायची आणि गॅरेजला एसी होता. आत छतापर्यंत फळ्या, आणि फळ्यांवर उभ्या ठेवलेल्या काळ्या, जड तबकड्या. लताबाईंच्या असतील असं मला वाटलं. त्या सगळ्या अमेरिकेच्या डोंगराळ भागातल्या शेतकऱ्यांच्या, गिरणी कामगारांच्या, खाणीतल्या माणसांच्या निघाल्या. आज ज्याला कंट्री म्युझिक म्हणतात आणि ज्याच्यासाठी स्टेडियम भरतात, त्याची ही अगदी पहिली रेकॉर्डिंग. नाकातून काढलेला आवाज, एक बँजो, एक फिडल. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच, पण ही माणसं ते छातीला टेकवून करवतीसारखं ओढतात. काकांनी एक तबकडी नाकाशी धरायला दिली. "वास घे. लाख आहे ही. चपडी लाख, दगडाची पूड अन् काजळी. प्लास्टिक नंतर आलं. या गोऱ्या पाटलांची गाणी आपल्याकडच्या कुसुमाच्या झाडावर पिकली बाबू. आपल्या भागातल्या कोणा बाईनं फांदीवरून लाख खरवडली असेल, तिला काय माहीत तिचं पुढं काय होणार."

त्या गॅरेजमध्ये कानाला हेडफोन लावून मी वर्षभर इंग्रजी शिकलो. काका गाणं लावत आणि मी शब्द लिहून काढत असे. खरखरीतून, डोंगराकडच्या उच्चारांतून एकेक ओळ. त्यांचा नियम एकच होता : ऐकू आलं तेवढंच लिहायचं. नाही आलं तिथे रेघ मारायची. एकदा मी एका अस्पष्ट शब्दाच्या जागी 'ट्रेन' लिहिलं. काकांनी चष्मा वर केला.

"इथं ट्रेन ऐकू आली?"

"नाही काका, पण यांच्या प्रत्येक गाण्यात ट्रेन असतेच."

"असते. पण या माणसानं ट्रेनबद्दल गायलं नसेल तर? त्याला जन्मात एकदा मशीनपुढं उभं केलं, अन् त्याच्या तोंडात तू आमगावचा शब्द घालणार? खोड ते. रेघ मार."

ते खरोखर चिडले होते. पुढे प्राध्यापकांचं बोलणं मला कळू लागलं ते याच सवयीने. शंभर वर्षांपूर्वीच्या खाणकामगाराचं गाणं ज्याला कळतं, त्याला डेटाबेसवरचं लेक्चर काय जड जाणार? माझा निकाल लागला तेव्हा मी त्यांच्या पाया पडू लागलो. त्यांनी मला मध्येच धरलं. "पायाबिया नको. जय भीम म्हण आणि चहा टाक."

या रेकॉर्डिंगची कहाणी ते रंगवून सांगत. सुरुवातीला शहरातल्या कंपन्यांना वाटायचं, डोंगरातल्या माणसांची गाणी कोण विकत घेणार? मग कळलं की ती डोंगरातलीच माणसं घेतात. तेव्हा कंपनीची माणसं मोटारीत मशीन घालून गावोगाव जाऊ लागली. हॉटेलची खोली नाहीतर फर्निचरच्या दुकानाचा माळा भाड्याने घ्यायचा, आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर गोधड्या टांगायच्या, पेपरात बातमी द्यायची. माणसं कोंबड्या विकून, घोड्यावर बसून, नदी ओलांडून यायची. मेणाच्या जाड चकतीवर गाणं कोरलं जायचं. ती चकती तिथल्या तिथे वाजवली तर खराब व्हायची. म्हणून आपण काय गायलो ते गाणाऱ्याला त्या दिवशी ऐकताच येत नसे. काही महिन्यांनी तबकडी छापून दुकानात आली की तेव्हा. दुकान म्हणजे फर्निचरचंच, कारण ग्रामोफोन हे तेव्हा फर्निचर होतं. "आणि कॅटलॉग दोन," काका दोन बोटं दाखवत. "गोऱ्यांच्या गाण्यांचा एक, काळ्यांच्या गाण्यांचा वेगळा. डोंगर एक, सूर एक, मळलेली वाट एक. पण पानं वेगळी. पाणवठ्यासारखं."

एवढं सगळं जमवायचं कारण मात्र एकच तबकडी होती, आणि ती त्यांच्याकडे नव्हती.

काका तरुणपणी शिकायला टेनेसीतल्या एका डोंगराळ गावात आले तेव्हा त्यांना खोली मिळेना. फोनवर होकार यायचा, दारात गेलं की खोली गेलेली असायची. शेवटी ज्या बाईंनी खोली दिली त्या काळ्या होत्या. काका त्यांना मिस लोरीन म्हणत. त्यांनी दारातच विचारलं होतं, "तू नक्की कोण आहेस?" काकांनी प्रामाणिकपणे जे सांगायचं ते सांगितलं, गावाबाहेरच्या वस्तीपासून सगळं. त्या म्हणाल्या, "मग आत ये. तुला जिना दाखवते."

मिस लोरीनचे वडील फर्निचरच्या दुकानात माल चढवायचं काम करत आणि फिडल वाजवत. दुकानाच्या माळ्यावर कंपनीचं मशीन आलं तेव्हा एका गोऱ्या गवयाचा साथीदार आलाच नाही. वेळ जात होता. दुकानदाराने खालून लोरीनच्या वडिलांना हाक मारली. त्यांनी अंगावरच्या एप्रनसकट वर जाऊन एक गाणं वाजवलं आणि खाली येऊन पुन्हा कपाटं उचलली. तबकडी निघाली ती गोऱ्यांच्या कॅटलॉगमध्ये. लेबलवर गवयाचं नाव होतं, फिडलवाल्याचं नव्हतं. नाव कुठल्या पानावर छापायचं हा प्रश्न मग उरला नाही. त्या तबकड्यांची खोकी दुकानात आली तेव्हा ती लोरीनच्या वडिलांनीच माळ्यावर वाहिली. त्यातली एक विकत घेऊन ते घरी आले, खुर्चीवर ठेवली आणि हात धुवायला गेले. छोटी लोरीन धावत आली आणि खुर्चीवर बसली.

वडिलांनी तुकडे गोळा केले. पुन्हा विकत घ्यायची ऐपत नव्हती, आणि पुढच्या थंडीत ते न्यूमोनियाने गेले. मिस लोरीन म्हातारपणी काकांना सांगत, "मी माझ्या बापाच्या वर बसले यादव. तो आतून तुटल्याचा आवाज मी ऐकला. वाजवल्याचा नाही ऐकला." त्यांना मूल नव्हतं. त्या गेल्या तेव्हा काका पीएचडीच्या शेवटच्या वर्षाला होते. त्यांनी जाणाऱ्या माणसाच्या उशाशी बसून शब्द दिला की ती तबकडी मी शोधीन आणि तुमच्या वडिलांना ऐकीन.

"अहो काका, पण तुम्ही का?" मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "माझा आजा सनई वाजवायचा. लग्नात. मांडवाबाहेर उभं राहून. धम्मदीक्षेनंतर सगळ्यांनीच सोडलं, त्यानंही सनई चुलीत घातली. बरंच केलं. मी असतो तर मीही घातली असती. पण कशी वाजवत होता रे तो? आता कोणालाच माहीत नाही. लोरीनबाईच्या बापाचं निदान कुठंतरी कोरून ठेवलंय. मिळण्यासारखं आहे."

त्यासाठी त्यांनी अमेरिकेतल्या सगळ्या मराठी माणसांना कामाला लावलं होतं. मंडळाची पिकनिक असो, भीमजयंती असो, कुणाच्या मुलीचं ग्रॅज्युएशन असो, काका लेबलचं चित्र छापलेले कागद घेऊन उभे. "गॅरेज सेलला जाता ना? मेलेल्या माणसाच्या घरचा सेल असतो, तिथं जाता ना? तळघरात बघा. काळी, जड, अशी दिसते." पोरं म्हणायची, "अंकल, ऑनलाइन नाहीये का?" काका म्हणायचे, "बेटा, ऑनलाइन टाकायला आधी कोणाकडं तरी असावी लागते." बायका चेष्टा करत, "काका, बोहारीण जुन्या साडीवर देते तसं जुनी तबकडी घेऊन भांडं देणार का?" पण बघायच्या. कुणीकुणी चुकीच्या तबकड्या आणून द्यायचे, त्याही काका प्रेमाने घ्यायचे. आणि प्रत्येकाला एक ताकीद असे : पाण्याचा थेंबही लावू नका. लोकांना वाटतं धुऊन द्यावं. पाण्याने लेबल सुटतं आणि खाचांत चिखल बसतो. म्हणून पाणी नाही म्हणजे नाही.

कोरोनाचं पहिलं वर्ष सुरू झालं तेव्हा मी त्यांच्याकडेच राहत होतो. डिग्री हातात होती आणि नोकरीच्या मुलाखती एकामागून एक रद्द होत होत्या. काकांची फुप्फुसं आधीच कमजोर, त्यांची पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी मीनल ऑस्टिनला. तिनेच मला बजावलं होतं, "प्रशिक, ही कॅन नॉट गेट इट. ओके? कुणाला आत घ्यायचं नाही." त्या दिवसांत मिशिगनहून, डेट्रॉइटजवळच्या नोव्हायहून, सुषमाकाकूंचा व्हिडिओ कॉल आला. सुषमाकाकूंचे यजमान मोटारीच्या कंपनीत इंजिनिअर आहेत. त्या स्वतः शाळेत शिकवतात आणि कुठलंही काम अंगावर घेतलं की पुरं केल्याशिवाय झोपत नाहीत. दक्षिणेतल्या डोंगरांतून पूर्वी किती तरी माणसं डेट्रॉइटला मोटारींच्या कारखान्यांत आली. अशाच एका कुटुंबाची म्हातारी वारली होती, आणि घरातलं सामान विकायला अंगणात मांडलं होतं.

"काका, बघा हं, हीच का?" त्यांनी तबकडी कॅमेऱ्यापुढे धरली. मास्कमधून नीट ऐकू येत नव्हतं. काकांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला.

"ताई, लेबलच्या बाजूला नंबर कोरलाय का? वाचा."

त्यांनी वाचला. काका खुर्चीवरून हात न फिरवता बसले. बराच वेळ त्यांची खोकल्याची उबळ थांबेना. सुषमाकाकू घाबरून म्हणत होत्या, "काका? अहो काका? प्रशिक, पाणी दे त्यांना."

"आहे मी," काका म्हणाले. "तीच आहे. ताई, तडा आहे?"

"अजिबात नाही. धूळ आहे खूप. मळलीये."

"असू द्या. पाण्याचा थेंबही नको."

"नाही हो, माहितेय ना मला. पाणी नाही लावणार."

पार्सल येईपर्यंत काकांनी गॅरेज तीनदा झाडलं. मला मिस लोरीनची गुणगुण शिकवली. त्या बाईंना चाल आठवत होती, आईकडून ऐकलेली. काका म्हणत, "गाण्याच्या मध्ये गवई थांबतो, तिथं फिडल एकटं आहे. तेवढं आलं तरी पुरे." इतके दिवस मी त्यांना पाहत होतो, पण त्यांना स्वतःशी गाताना तेव्हाच ऐकलं.

पार्सल बांधलं होतं ते पाहून कुणीही हात जोडावेत. खोक्यात जुनी दुलई, दुलईत दोन स्टीलची ताटं तोंडाला तोंड लावून दोरीने आवळलेली, ताटांमध्ये मऊ सुती साडीच्या घड्या, आणि त्यांच्या मध्ये तबकडी. टपालात ट्रकखाली आलं असतं तरी फुटलं नसतं. मी दोरी सोडत होतो. पहिलं ताट उचललं आणि काकांनी माझा दंड धरला.

"वास आला का तुला?"

मला आला. लव्हेंडरचा. त्या दिवसांत घराघरांत, दुकानांच्या दारांत, हातांना येणारा तोच वास. मला काही कळलं नाही. काका मात्र लाखेच्या कारखान्याजवळ वाढलेले होते. लाख विरघळवायची असेल तर तिच्यावर स्पिरिट ओततात, हे त्यांना चालायला यायच्या आधीपासून माहीत होतं.

साडीची घडी उघडली. तबकडीला चमक नव्हती. पाटीसारखी करडी दिसत होती. आणि मधलं लेबल अगदी नवं, कोरडं, स्वच्छ. गवयाचं नाव सोनेरी अक्षरांत झळकत होतं.

काकांनी सुई ठेवली. तेलात काहीतरी तळत ठेवावं तसा आवाज आला आणि तोच येत राहिला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. उलटी बाजू लावली, तीही शेवटपर्यंत. मी मध्येच बंद करायला गेलो तर त्यांनी हात वर केला. सुई आतल्या कडेला जाऊन खट खट आपटू लागली, तेव्हा त्यांनी ती उचलली.

तेवढ्यात फोन वाजला. सुषमाकाकूंचाच. त्यांना डिलिव्हरीचा मेसेज गेला होता.

"पोचली? फुटली नाही ना काका?"

"नाही ताई. किती सुंदर बांधलंय."

"आणि काळजी करू नका हं, बिनधास्त हात लावा. तुमचा तो खोकला ऐकला आणि मला झोपच लागेना. ती म्हातारी कशाने गेली काय माहीत! म्हणून पूर्ण सॅनिटाइज करून पाठवलीये. पाणी अजिबात नाही. सॅनिटायझर फवारून दहा मिनिटं ओली ठेवली, बाटलीवर लिहिलं होतं तसं, मग घासून पुसली. अहो, काय मळ निघाला! कापड काळंकुट्ट. पुन्हा फवारलं, पुन्हा काळं. तीन फडकी गेली. लेबल ओलं होऊ नये म्हणून वर वाटी पालथी घातली होती." मग त्यांनी विचारलं, "वाजली का हो? आले का ते, लोरीनबाईंचे वडील?"

मी काकांकडे पाहत होतो. ऐकू आलं तेवढंच लिहायचं, असं मला शिकवणारा माणूस.

"आले ताई," काका म्हणाले. "अगदी स्पष्ट आले."

सुषमाकाकू रडायला लागल्या. पलीकडून त्यांच्या यजमानांनीही काकांचं अभिनंदन केलं. फोन ठेवल्यावर काका मला म्हणाले, "मीच म्हणालो ना, पाणी नको. इतकी वर्षं प्रत्येकाला पाणी नको, पाणी नको. तिनं माझं ऐकलं रे. शब्दाला शब्द ऐकलं. मी 'काहीही नको' म्हणायला पाहिजे होतं."

पुढे जे झालं ते जास्त वाईट. सुषमाकाकूंनी आनंदाने सगळ्यांना कळवलं. मंडळाने ऑनलाइन कार्यक्रम ठेवला. कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनोपासून न्यू जर्सीपर्यंतचे चेहरे छोट्याछोट्या चौकोनांत बसले, आणि मंडळाच्या अध्यक्षांनी काकांच्या चिकाटीवर भाषण केलं. त्या वर्षी बातम्या सगळ्याच वाईट होत्या. ही एक चांगली बातमी लोकांना धरून ठेवायची होती. शेवटी कुणीतरी म्हणालं, "काका, एक झलक तर ऐकवा यार!" बाकीचे म्हणाले, "हो हो, ऐकवा!" काका स्वच्छ शर्ट घालून बसले होते. ते म्हणाले, "आधी लोरीनबाईंच्या घरच्यांना ऐकवू द्या. त्यांचा मान पहिला." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या घरात कुणीही उरलेलं नाही हे त्या सगळ्या चौकोनांत फक्त आम्हा दोघांना माहीत होतं.

त्यानंतर त्यांनी एकही तबकडी लावली नाही. गॅरेजमध्ये जात, बसत, बाहेर येत. मी म्हटलं, दुसरी प्रत मिळेल काका. ते म्हणाले, "कोणाला शोधायला सांगू? सगळ्यांना माहीत आहे की मिळाली." खरंच होतं ते. त्यांनी वर्षानुवर्षं देशभर कामाला लावलेली ती माणसं आता तळघरं धुंडाळत नव्हती. काकांनी एक वाक्य बोलून सुषमाकाकूंना वाचवलं होतं आणि आपला शोध स्वतःच्या हाताने बंद केला होता. पुढच्या कुठल्याही कॉलवर सुषमाकाकूंचं नाव निघालं की ते आधी सांगत, "काय पॅकिंग केलं होतं तिनं!" यात टोमणा नसायचा. मी खूप शोधला, नव्हता.

मला क्युपर्टिनोला नोकरी लागली तेव्हा निघताना त्यांनी ती तबकडी माझ्या हातात दिली, त्याच दोन ताटांत बांधून. सुई न लावता नुसत्या फोटोवरून खाचा वाचणारं मशीन आता आहे, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. "तुझ्या त्या बाजूला मोठमोठे लोक आहेत. दाखव त्यांना. लोरीनबाईला मी शब्द दिलाय, तो असा अर्धवट घेऊन मला जाता येत नाही. आहे की नाही, एवढं कळू दे." मग माझ्या छातीवर बोट ठेवून म्हणाले, "आणि प्रशिक, मी सुषमाताईला जे सांगितलं ते मला सांगू नको."

मशीन असलेला माणूस शोधायला, त्याची वेळ मिळायला खूप दिवस गेले. तोवर काकांना घर सोडावं लागलं होतं. मीनलने त्यांना ऑस्टिनला आपल्या घराजवळच्या केअर होममध्ये ठेवलं, नाकाला ऑक्सिजन. फोनवर बोललं की त्यांना धाप लागायची. तपासणीत काय निघालं ते मी आधी मीनलला कळवलं. ती म्हणाली, "जस्ट टेल हिम इट्स गुड न्यूज, प्रशिक. प्लीज. ही इज वेटिंग फॉर यू." मी त्या रात्री जेवलो नाही. तिचं चुकत होतं असं मी आजही म्हणू शकत नाही. पण मी फोन केला नाही, पत्र लिहिलं. ते पोहोचलं. मीनलने सांगितलं की त्यांनी ते स्वतः उघडलं, चष्मा लावून वाचलं, घडी करून उशाखाली ठेवलं, आणि त्याबद्दल तिच्याशी काही बोलले नाहीत. उत्तर आलं नाही. तीन आठवड्यांत ते गेले. त्या पत्राने त्यांचं काय केलं, हे मला कधी कळणार नाही. प्रत माझ्याकडे होती, ती इथे देतो.

ती. काकांस,
सविनय जय भीम.

तबकडी तपासून झाली. मशीनवाल्या माणसाने हात न लावता दोन्ही बाजूंचे फोटो काढले आणि फोटोवरून आवाज काढला. मी दिवसभर तिथे होतो. दोन्ही बाजूंना खाचांच्या भिंती विरघळून एकमेकींत मिसळल्या आहेत. गाणं नाही. गवई नाही, आणि तुम्ही सांगितलेली मधली जागाही नाही.

एक गोष्ट आहे ती लिहितो. पहिल्या बाजूला, अगदी काठाशी, बोराएवढी एक जागा चमकते. तिथे खाचा शाबूत आहेत. फवारताना आणि पुसताना तबकडी धरलेला सुषमाकाकूंचा अंगठा तिथे असावा. तबकडीच्या पहिल्या काही फेऱ्यांत तेवढ्या जागेपुरता आवाज येतो. पापणी लवावी इतकाच. पुन्हा तळल्याचा आवाज, पुन्हा तेवढंच. मी तो हेडफोनवर खूप वेळा ऐकला. ते फिडल आहे का, मला सांगता येत नाही. गवयाचा श्वास असेल, खोलीत कुणी पाय हलवला असेल. त्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला, आता तुम्हाला जे ऐकायचं आहे ते ऐकू येईल. थोड्या वेळाने मला खरोखरच मिस लोरीनची चाल ऐकू यायला लागली, म्हणून मी बंद करायला सांगितलं.

मी रेघ मारली आहे काका.

माझ्या धाकट्या बहिणीला नागपूरला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. इंग्रजी कळत नाही म्हणून रडत होती. रोज तासभर फोनवर तिला ऐकायला बसवतो. तुमचं नाव सांगितलं आहे.

तबकडी माझ्याकडे, ताटांतच आहे. ती तुमच्याकडे पाठवू, सुषमाकाकूंना कधीच दिसणार नाही अशी इथेच ठेवू, की टेनेसीला मिस लोरीनच्या कबरीजवळ नेऊन ठेवू, तेवढं कळवा. तुम्ही सांगाल तसं करीन.

तुमचा
प्रशिक